पाचशे तुकड्यांचं भुरगं

आधी व्यवहाराचं सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे होतील. जिगसॉ कोडं, ५०० तुकडे, किंमत ७९९ रुपये, घेतलं पणजीत, 'अठरा जून' नावाच्या रस्त्यावर. पूर्ण झाल्यावर आकार ४९ बाय ३६ सेंटीमीटर. पुठ्ठा जाड, छपाई चांगली, कापणी बेताची, पेटीवरचं नाव चूक. पाचपैकी साडेतीन तारे. कापणीचा एक कापला आणि नावाचा अर्धा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. त्यांना दोनदा मेल केली, उत्तर नाही. पण चव्हाट्यावर भांडायची हौस मला कधीच नव्हती.

आता ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी.

म्हापशात माझा फोटो स्टुडिओ आहे, ३४ वर्षं झाली. लग्न, मुंज, बारसं सगळं केलं. गुडघा गेल्यापासून बाहेरची कामं मुलगा बघतो आणि मी काउंटरमागे बसून पासपोर्टचे फोटो काढतो. गोव्यात पासपोर्टच्या फोटोला मरण नाही. भारतीय पासपोर्टवाले, पुर्तुगाली पासपोर्टवाले, बोटीवर जाणारे तारवटी, त्यांच्या मागोमाग त्यांच्या बायका, मग तान्ही पोरं. सगळ्यांना माझं तेच पालुपद: समोर बघा, तोंड मिटा, डोळे उघडे, हसू नका, चेहऱ्याच्या दोन्ही कडा दिसू द्या. दिवसाला वीस-पंचवीस चेहरे होतात. चेहरा कसा असावा याबद्दल माझी मतं त्यामुळे फार ठाम होती, हे आधी कबूल करतो.

जुलैत धंदा बसतो. दार उघडलं तर पाऊस आत, मिटलं तर गिऱ्हाईक बाहेर. त्यात वीज जाते. मुलगा म्हणाला, "बाबा, दिवसभर मोबाईल बघण्यापेक्षा एखादं कोडं लावा." घेतलं. दुकानात आगबोटी होत्या, किल्ले होते, मांजरं तर ढिगाने होती. मी ही पेटी उचलली, कारण तिच्यावर चेहरा होता. धंदेवाईक खोड, दुसरं काय.

चित्र असं. सगळीकडे नारिंगी, मधे एक वाटोळा चेहरा, खाली बारीक मान. चेहरा चौकोनी तुकड्यांत वाटलेला: पिवळा, गुलाबी, पांढुरका, विटकरी. केस नाहीत, कान नाहीत. डोळे दोन, बाहुल्या लाल. एका डोळ्यावर भुवईच्या जागी टोकदार त्रिकोण, दुसऱ्यावर नुसती एक कमान. नाक एका रेघेत आटपलेलं. तोंड म्हणजे बारके ठोकळे. पेटीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, मुलाचा चेहरा. मी मनात म्हटलं, असेल बुवा. तान्ह्याला केस नसतात, मान अशीच काडीसारखी असते. आणि असं टक लावून बघणारी पोरं मी रोज कॅमेऱ्यातून बघतो. खुळखुळा वाजवला की पहिले दोन सेकंद ती अगदी अशीच बघतात, मग रडतात.

आता मालाबद्दल. तुकडे पिशवीतून काढले तेव्हा भुसा फारसा पडला नाही, हे चांगल्या कापणीचं लक्षण समजतात. पुठ्ठा दोन मिलिमीटरच्या आसपास. छपाईला चकाकी नाही, त्यामुळे ट्यूबलाइटखाली डोळे दिपत नाहीत. फोटोच्या कागदाला जो न्याय तोच इथे: चकाकणारा कागद गिऱ्हाइकाला आवडतो, बघणाऱ्याला त्रास देतो. पण खाचा! सगळे तुकडे एकाच साच्यातले वाटावेत इतके सारखे. दोन बाजूंना गोल बोंड, दोन बाजूंना गोल खाच. त्यामुळे चुकीचा तुकडासुद्धा टकदिशी बसतो आणि तासाभराने कळतं की कुठेतरी घोळ आहे. नारिंगी भागात मी असे अकरा तुकडे चुकीचे बसवले होते. शेवटी सहा उरले आणि एकही बसेना, तेव्हा सगळं मागे उसवत जावं लागलं. हिशोबात बारा आण्यांचा फरक येतो आणि अख्खी वही पुन्हा तपासावी लागते, तसं.

दुसरा त्रास दमट हवेचा, त्याला कंपनी काय करणार. तिसऱ्या दिवशी तुकडे फुगले. लावलेले उचलायला जड, न लावलेले बसायला घट्ट. फोटोवाल्यांच्या घरी लेन्सना बुरशी येऊ नये म्हणून हवाबंद डबा असतो, आत सिलिका जेलच्या पुड्या. त्यातल्या दोन लेन्स बाहेर काढून रात्रभर तुकडे आत ठेवले. सकाळी ठणठणीत. गोव्यात पावसाळ्यात जिगसॉ लावणार असाल तर हा उपाय करून बघा, नाहीतर तांदळाच्या डब्यात ठेवा. लेन्सना त्या रात्री बुरशी आली नाही. आली असती तर हे परीक्षण वेगळं झालं असतं.

तिसरी तक्रार फक्त फोटोवाल्याच्या लक्षात येईल अशी. मूळ चित्र जवळजवळ चौरस आहे, सुमारे ४० बाय ३८ सेंटीमीटर. कोडं उभट. मग जादाची जागा आली कुठून? वर आणि खाली यांनी संगणकावर नारिंगी पट्टा जोडला. मूळ चित्र गॉजवर आहे, म्हणजे जखमेला बांधतात तसल्या जाळीदार कापडावर; ते पुठ्ठ्याला चिकटवून वर खडूचा थर दिलेला. त्यामुळे खऱ्या भागात नारिंगीला पोत आहे, कुठे दाट कुठे विरळ, जुन्या भिंतीला असतो तसा. जोडलेला पट्टा मात्र प्लास्टिकच्या बादलीसारखा सपाट. भिंग लावलं आणि रेघ सापडली. एकदा सापडल्यावर ती काही डोळ्यांपुढून जाईना. कोड्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि तो चित्रकाराने काढलेलाच नाही. म्हणजे शंभराहून जास्त तुकडे मी चित्रात नसलेलं चित्र लावत बसलो होतो.

एवढं असूनही साडेतीन तारे का, ते आता येतं.

साध्या जिगसॉत आपण वस्तू शोधतो. हे होडीचं शीड, हे कौल, हा मांजराचा कान. इथे ते चालत नाही. गालाचा तुकडा शोधा म्हटलं तर गाल कुठला? गालात चार रंग, आणि त्यातला एक रंग पुन्हा कपाळात, आणखी एक मानेत. भोवतालचा नारिंगी आणि चेहऱ्यातला नारिंगी हे तर सख्खे भाऊ. पहिल्या दिवशी मी रंगांचे ढीग केले आणि फसलो, कारण एकाच ढिगातले तुकडे चेहऱ्यावर चार गावांना निघाले. शेवटी कडा शोधायला लागलो: कुठे एक रंग संपून दुसरा लागतो ती रेघ. तिचा माग धरला की हळूहळू कळत जातं की या रेघा चेहऱ्याच्या नाहीतच. हनुवटीची रेघ, गालफडाची रेघ, जी आम्ही फोटोत लाइट लावून काढतो, ती इथे नाही. चेहरा एका जाळ्यात बसवलाय आणि जाळ्याला त्याची पर्वा नाही.

मला हे पचायला वेळ लागला. माझ्या धंद्यात सावलीशिवाय चेहरा उभाच राहत नाही. नाकाच्या एका बाजूला अंधार पडला तर नाक. इथे अंधार कुठेच नाही. तरी चेहरा उभा आहे, आणि बघतोय.

खोलीच्या मधोमध टेबल, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बोलल्याशिवाय राहवेना. समोरचे शिंपी मूळचे पेडण्याचे. पावसामुळे त्यांचंही दुकान थंड, म्हणून चहाला येत. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हा दशावतारी आहे. अजून रंगून व्हायचाय." पेडण्याकडे त्यांनी रात्र-रात्र दशावतार पाहिलेले. रंगपटात नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. एक गाल झालेला, दुसरा व्हायचाय, अशा वेळी कुणी हाक मारली तर तो वळून बघतो, तसं हे आहे म्हणे. मग शिंप्याच्या नजरेने पुढे म्हणाले, "कापड उरलेल्या तुकड्यांचं आहे, पण बेतलंय एकाच माणसाने. वाकळ शिवताना बाई कुठला तुकडा कुठल्या शेजारी ठेवायचा याचा विचार करते, तेवढा विचार यात आहे." चित्रावर मी ऐकलेलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच. त्यांनी चौथी इयत्तेत शाळा सोडली.

आमच्या नातीचं मत वेगळं. ती चार वर्षांची. दिवाळीत चतुर्दशीच्या आदल्या रात्री नाक्यानाक्यावर नरकासुराचे पुतळे उभे करतात आणि पहाटे जाळतात, ते तिने गेल्या वर्षी पहिल्यांदा नीट बघितले. लाल बाहुल्या बघून आम्हाला वाटलं, ती म्हणणार नरकासुर. ती म्हणाली, "हो नरकासुराचो भुरगो!" म्हणजे बाप नव्हे, पोरगा. का गं? तर याला मिशा नाहीत आणि हा कुणाला खात नाही.

हिचं मत सगळ्यात शेवटी आलं. ही म्हणजे माझी बायको, २२ वर्षं अंगणवाडीत काढलेली. येता-जाता तिने फक्त एकच लकडा लावला होता की चवथीपूर्वी, म्हणजे गणपतीच्या आधी, टेबल मोकळं पाहिजे, त्यावर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, लाटायच्या आहेत. एका संध्याकाळी निवडायची भाजी घेऊन बसली, चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काहीतरी फोडलंय यानं. आणि आपल्याला कळलंय की नाही ते बघतोय." ती वरची त्रिकोणी भुवई बघा. अगदी तसंच आहे.

मुलगा म्हणाला, कार्टून. ते सोडून देऊ.

तर सगळे म्हणत होते मूल. पेटीही म्हणत होती मूल. पण मला मधेच एक खटका लागला होता, तो कुणाला सांगितला नव्हता, आणि तो लागला तो फक्त कोड्यामुळे. सोमवारी रात्री मी त्रिकोणाच्या बाजूचा चेहरा पूर्ण केला. दुसरी बाजू म्हणजे टेबलाचं लाकूड. झोपायच्या आधी दिवा मालवताना बघितलं तर ते अर्धं तोंड लहान मुलाचं होतं, शंकाच नको. भुवई उचललेली, डोळा टवटवीत. मंगळवारी वीज नव्हती. बुधवारी मी वेगळीकडून सुरुवात केली, कमानीच्या बाजूने. सोमवारचा भाग मधल्या वेळी नातीने टेबलावरून ढकलला होता, त्यामुळे तो उचलून पुठ्ठ्यावर वेगळा ठेवला होता. रात्री अकराला दुसरा अर्धा चेहरा तयार झाला, एकटाच. तो मुलाचा नव्हता. त्या कमानीखालचा डोळा थकलेला होता. बँकेत पेन्शनच्या रांगेत बसलेला माणूस आपला नंबर कधी येतो ते बघतो, तसला.

मी पुठ्ठा सरकवून दोन्ही अर्धे जोडले आणि पुन्हा मूल दिसलं. वेगळे केले, पुन्हा दोघे. चार-पाच वेळा केलं. ही म्हणाली, "अहो, झोपा आता."

भिंतीवरच्या चित्रासमोर उभं राहून हे दिसत नाही. आख्खा चेहरा एकदम अंगावर येतो, आणि आपण म्हणतो गोड आहे, पुढे जातो. जिगसॉत चित्र आपल्या हाताच्या क्रमाने येतं, आणि मधे त्याला अर्धवट राहावं लागतं. ७९९ रुपये मी या अर्धवटपणाचे दिले असं समजतो.

नंतर सुनेने घोटाळा उकलला. ती उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवते. पेटी फेकण्याआधी तिने कडेची बारीक अक्षरं वाचली: सेनेसियो, १९२२, पॉल क्ली. म्हणाली, "बाबा, सेनेसियो हे तर झाडाचं नाव आहे." सूर्यफुलाच्या कुळातलं. फूल वाळलं की बी पांढऱ्या केसांच्या झुपक्यासकट वाऱ्यावर उडतं. लॅटिनमध्ये सेनेक्स म्हणजे म्हातारा, त्या पांढऱ्या केसांवरून झाडाला नाव पडलं.

मी तिच्याकडे बघत राहिलो. आपल्याकडे रुईचं, सावरीचं बी असंच कापूस लावून उडतं, आणि त्याला पोरं काय म्हणतात? म्हातारी. "म्हातारी धर, म्हातारी धर" करत आम्ही बोडगेश्वराच्या शेतांतून धावायचो. इतक्या लांबच्या लोकांना तेच बघून तेच सुचलं. आणि म्हातारीच्या मागे धावतं कोण, तर पोर.

चित्राला चित्रकार क्लीने जर्मनमध्ये आणखी एक नाव दिलेलं आहे: बाल्डग्राईस. बाल्ड म्हणजे लवकरच, ग्राईस म्हणजे म्हातारा. लवकरच म्हातारा होणारा. इंग्रजी येणाऱ्याला त्यात टक्कलही दिसतं, पण तो योगायोग. म्हणजे पेटीवाल्यांनी लवकरच म्हातारा होणाऱ्याला सरळ मूल करून टाकलं, आणि तेही खरं नाव स्वतःच कडेला छापून. चूक आहे, अर्धा तारा त्याचाच कापला. पण खरं सांगू? इतकी हुशार चूक मी आजवर बघितली नाही. नाव आधी वाचलं असतं तर मी पहिल्या दिवसापासून म्हातारा शोधत बसलो असतो, आणि सोमवारचं अर्धं तोंड मला दिसलं नसतं.

यावरून माझ्या एका जुन्या फजितीची आठवण झाली. फिल्मच्या काळात आम्ही निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचो. मागून उजेड येणाऱ्या तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, वर औषधाचा हलका हात फिरवायचा म्हणजे शिसं धरतं, आणि टोकदार पेन्सिलीने बारीक-बारीक घिरट्या घालत सुरकुत्या भरायच्या. निगेटिव्हमध्ये सुरकुती फिकी असते. ती भरली की छापात नाहीशी होते. मी यात पटाईत होतो. आसगावच्या एका बाईंनी नवऱ्याचा फोटो मोठा करायला दिला, भिंतीवर हार घालायला. मी दोन रात्री खपून एकूण एक सुरकुती भरली. कपाळ गुळगुळीत, डोळ्याखाली काही नाही, गाल फुगीर. फोटो बघून बाई म्हणाल्या, "हो म्हजो घोव न्हय." हा माझा नवरा नव्हे. आणि बरोबर होतं. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाचा मी एक थोराड बाळ करून ठेवला होता. टर्पेंटाइनने पेन्सिल पुसून पुन्हा छापून दिला, पैसे घेतले नाहीत.

क्लीनेही एकसुद्धा सुरकुती काढलेली नाही. पण त्याचा म्हातारा पुसला गेला नाही, कारण तो सुरकुत्यांत ठेवलेलाच नव्हता. एका कमानीत ठेवला होता.

त्याच्याबद्दल सुनेने फोनवर वाचून दाखवलं, त्यातलं मला भावलं ते एवढंच. १९२२ मध्ये तो ४२ वर्षांचा होता, जर्मनीत वायमार गावी बाउहाउस नावाच्या कलाशाळेत शिकवत होता. त्याआधी म्युनिकला असताना त्याची बायको पियानोच्या शिकवण्या करून घर चालवायची आणि घरी राहून स्वयंपाक आणि मूल हा सांभाळायचा. मुलाच्या वाढीची वही ठेवली होती त्याने, वजन किती, ताप किती, शब्द कुठले. त्या मुलासाठी पन्नासेक बाहुल्या केल्या, हातात घालून नाचवायच्या. हाडं, विजेचे सुटे भाग, चिंध्या, जे मिळेल त्याच्या. त्यातल्या तीसेक अजून आहेत. मुलाचा चेहरा रोज जवळून बघणारा बाप आणि आरशात स्वतःचा बदलणारा चेहरा बघणारा माणूस एकच असला, तर असं चित्र निघेल असं मला वाटतं. हा माझा तर्क, पुस्तकी आधार नाही.

"हे तर लहान पोरसुद्धा काढील," असं काउंटरवर मला आतापर्यंत तिघांनी ऐकवलं. क्लीचं त्यावर काही बिघडलं नसतं. १९११ मध्ये त्याने आपल्या सगळ्या चित्रांची यादी सुरू केली तेव्हा तिच्यात स्वतःची लहानपणची चित्रंसुद्धा घातली. नाझींचं मात्र बिघडलं. १९३७ मध्ये म्युनिकला त्यांनी टिंगल करायला म्हणून नव्या कलेचं प्रदर्शन भरवलं, त्यात याचीही चित्रं टांगली होती. हे चित्र आता स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संग्रहालयात आहे.

आणि गोव्याच्या वाचकांना म्हणून सांगतो: आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे, आपले मडगावचे लक्ष्मण पै, दोघांच्या सुरुवातीच्या कामावर या क्लीची छाया आहे असं जाणकार सांगतात. पैंनी तर पॅरिसमध्ये दहा वर्षं काढली आणि पुढे पणजीत आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मी त्या महाविद्यालयासमोरून स्कूटरवरून शेकडो वेळा गेलो असेन. आत कधी गेलो नाही. ७९९ रुपयांच्या पुठ्ठ्याने हे शिकवावं, जरा लाजच वाटली.

घ्यायचं का? एकट्याने लावायला ५०० ठीक आहेत, मला अकरा दिवस लागले, रोज दोन तास. लहान मुलांसाठी म्हणून घेऊ नका, पेटीवर मूल असलं तरी. नारिंगी भागात मोठा माणूसही शिव्या घालतो. आठ वर्षांच्या पुढच्या मुलाबरोबर बसलात तर डोळ्यांचे तुकडे त्याला द्या, लाल बाहुल्या पटकन सापडतात आणि त्याला आशा वाटते. वरचा-खालचा सपाट पट्टा शेवटी ठेवा, किंवा माझं ऐकाल तर लावूच नका. मी तो पूर्ण झाल्यावर कटरने कापून काढला. चित्र पुन्हा चौरसाजवळ आलं. हे करताना हात जरा थरथरला, पण पासपोर्टचे फोटो कापून-कापून कटरवर माझा भरवसा आहे. मागून फेव्हिकॉलचा हात दिला, वर जुनी काच. चवथीच्या आधी टेबल मोकळं झालं, नेवऱ्या झाल्या.

आता ते स्टुडिओत आहे, फोटोच्या स्टुलासमोरच्या भिंतीवर. परवा शिवोलीचे एक पेन्शनर आले होते, बँकेत द्यायला फोटो हवा म्हणून. स्टुलावर बसले, चष्मा काढला, मग पुन्हा घातला आणि भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले. विचारलं, "हें कोणाचें भुरगें?"

मी म्हटलं, "चष्मा काढा. हनुवटी थोडी खाली. समोर बघा."